दिवा कोणाच्या हातात

नाही, पान मी काढून ठेवलंय, तुम्ही कशाला शोधताय — हे बघा, इथे, ही पेन्सिलीची रेघ आमच्या बारकीची आहे, माझी नाही, मी पुस्तकावर रेघा ओढत नाही — आणि खरं सांगायचं तर असली पुस्तकं मी हातातही धरत नाही, डोंगर चालतात म्हणे ह्याच्यात आणि पक्षी राज्याचा कारभार बघतात, पण काल आख्खी दुपार ह्या एका पानावर घालवली मी, अंडी उबवायची हॅचरी वाऱ्यावर सोडून. वाचतो, ऐका. ‘उजळा दरबारात आली आणि मोठ्या दिव्याचा उजेड तिच्यातून आरपार गेला. तिच्या बोटांच्या कडा तांबूस पेटल्या. गळ्यावरची निळी शीर दिसली. तिने पापण्या मिटल्या तरी आतली बुबुळं दिसत राहिली. आणि दरबार एका आवाजात म्हणाला, हिच्यात लपलेलं काही नाही, हीच आमची राणी.’ संपलं. एवढंच आहे. आणि एवढ्यावरून माझी मुलगी माझ्या घरात राहत नाही, तुमच्या आतल्या खोलीत दार लावून बसलीये, आणि मी तिचा सख्खा बाप तुमच्या बाहेरच्या खोलीत, पाहुण्यासारखा, ह्या खुर्चीवर. खुर्चीसुद्धा डुगडुगतीच दिलीत.

आवाज चढवलेला नाही मी, बाई. माझा आवाजच असा आहे — दिवसभर मशीनच्या घरघरीवर बोलायचं म्हणजे घसा असाच होतो, आणि आत ऐकू गेलं तर जाऊ दे, बरंच आहे. जागीच आहे ती. दाराखालून उजेडाची पट्टी दिसतेय ना, ती दिसतेय तोवर मी शांत आहे. भांडायला आलो नाही, न्यायला आलोय. काल सकाळी शाळेची बॅग घेऊन गेली ती परत आलीच नाही, आणि संध्याकाळी तुमचा फोन — ‘माझ्याकडे आहे, काळजी करू नका.’ काळजी करू नका म्हणणारी माणसं मला चांगली ठाऊक आहेत, दुसऱ्याच्या घराला आग लागली की हीच शेकत बसतात. अठरा पूर्ण व्हायचीत अजून तिला. मनात आणलं असतं तर चार माणसं घेऊन आलो असतो. एकटा आलोय, पुस्तक घेऊन. म्हटलं शिकलेली बाई आहे, पुस्तकातूनच बोलावं.

तर मला आधी हे सांगा, वर्गात तुम्ही शिकवलंत काय? बारकीनेच सांगितलं होतं मला, जेवताना — मी रोज विचारतो, काय शिकवलं, कोणी शिकवलं, शेजारी कोण बसलं होतं, डबा कोणाबरोबर खाल्ला, सगळं विचारतो — तर ती म्हणाली, बाई म्हणतात उजळाच्या वर्णनातला उजेड म्हणजे तिचं निर्मळ मन. बरोबर ना? मान हलवू नका नुसती — बरं, हलवा. मला पटलं होतं ते. शाळेतलं काहीतरी आयुष्यात पहिल्यांदा पटलं. ज्याच्या पोटात काळंबेरं नाही त्याच्यातून उजेड जाणारच, कर नाही त्याला डर कशाला. मी तिला म्हटलंसुद्धा, बघ, बाईसुद्धा तेच सांगतात जे मी सांगतो. आणि त्याच बाई परवा काय करतात? पोरीने निबंधात नेमकं त्याच्या उलटं लिहिलं तर तिला पहिला नंबर देतात, वर स्टेजवर उभी करून सगळ्या पालकांसमोर वाचायला लावतात. मग खरं काय, बाई, तुम्ही शिकवलंत ते की तिने लिहिलं ते? — दोन्ही? दोन्ही कसं असेल. अंडं एकतर भरलेलं असतं नाहीतर कोरं असतं. असं तळ्यात-मळ्यात शिकवून पगार मिळत असेल तर मीही उद्यापासून शाळेत येतो.

पहिल्या रांगेत होतो मी परवा. खुर्ची धरायला तासभर आधी येऊन बसलेलो, शर्ट इस्त्रीचा, अंगाला कोंबड्यांच्या खाद्याचा वास येऊ नये म्हणून दोनदा साबण लावून. निबंधात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं — दप्तर रोज बघतो मी तिचं, तरी सापडला नाही, शाळेतच लिहिला म्हणे आणि शाळेतच ठेवला — का ठेवला ते आता कळतंय. तर सभागृहात अंधार, स्टेजवर एकच दिवा, तोही बाजूला, पोरीचं अर्धं तोंड काळोखात. मी फोन काढला, शूट करायला, आणि फोनचा दिवा लावला. का नाही लावायचा? माझी मुलगी आहे, चेहरा दिसायला नको? बरोबर तिच्या तोंडावर उजेड. तिने डोळे बारीक केले, हात आडवा धरला, मग हात खाली घेतला आणि वाचायला लागली. पाठ आहे मला, परवापासून किती वेळा लावलंय ते फोनवर. ‘उजळाला स्वतःचा उजेड नाही. लेखकाने उजेड कुठे कुठे पडला ते सांगितलं, बोटं सांगितली, गळा सांगितला, पापण्या सांगितल्या. दिवा कोणाच्या हातात आहे ते मात्र सांगितलं नाही.’ इथे थांबली ती. आणि बघितलं तिने, सरळ माझ्याकडे — म्हणजे उजेडाकडे, माझं तोंड तिला काय दिसणार त्याच्यामागे. आणि बाई, आख्खं सभागृह माझ्याकडे वळलं. मागच्यांनी माना उंच केल्या. मला वाटलं कौतुकाने बघतायत, बाप आलाय म्हणून. मी हात हलवला. तोच हात, दिवा चालू असलेला. काही लोक हसले, मग मीही हसलो.

पुढचं तर तुम्हाला जास्तच आवडलं असेल. ‘आमच्या घरी अंडी उजेडाला धरतात. ज्या अंड्यातून उजेड आरपार जातो ते रिकामं असतं, ते टाकून देतात. ज्यात जीव असतो त्यात अंधार असतो. दरबाराने रिकामी मुलगी राणी म्हणून निवडली, नाहीतर मुलगी रिकामी होईपर्यंत दिवा धरून ठेवला.’ टाळ्या. मीही वाजवल्या, फोन काखेत धरून — अंड्याचं ऐकलं ना, म्हटलं बापाचा धंदा काढला पोरीने स्टेजवर, नाव काढलं. आणि खोटं नाही त्यात काही, अंड्याचं अगदी खरं आहे, मीच शिकवलंय तिला. इतकीशी होती, स्टुलावर उभी राहायची माझ्या शेजारी. मशीनमध्ये घातल्यावर आठवड्याने अंडं बाहेर काढायचं, खोली काळोखी करायची, खालून टॉर्च लावायचा — हा, हाच टॉर्च, खिशातच असतो माझ्या — कोरं अंडं सगळं एकसारखं पिवळं पेटतं, दिसायला सुंदर दिसतं, त्याच्यासारखं देखणं काही नाही, आणि ते फेकायचं. जिवंत अंड्यात एक काळा ठिपका असतो, त्याच्याभोवती तांबड्या शिरा, कोळ्याने पाय पसरल्यासारख्या, आणि नीट बघितलं तर तो ठिपका हलतो. ‘बाबा, हलला’ — ओरडायची ती. मग दिवस जातात तसं अंडं काळं होत जातं, शेवटी तर टॉर्च लावूनही काही दिसत नाही, नुसता वरच्या टोकाला हवेचा एक तुकडा उजळतो, बाकी अंधार. म्हणजे सगळं ठीक चाललंय. मी तिला सांगायचो, काळं दिसलं की समजायचं घर भरलंय. हे मीच सांगायचो, बाई, तुमच्या लेखकाने नाही आणि तुम्हीही नाही. म्हणजे त्या पहिल्या नंबरात अर्धा नंबर माझा आहे.

हसू नका. — नाही कसं, ओठ हलले तुमचे.

मला कळलं कधी, तर बाहेर, गाड्या लावतात तिथे. तो खाद्यवाला, ज्याच्याकडून मी पोती घेतो, त्याचा मुलगा तिच्याच वर्गात. खांद्यावर हात टाकून म्हणतो, ‘काय शेठ, पोरीने भर सभेत हजेरी घेतली की तुमची.’ मी म्हटलं, कसली हजेरी? तो म्हणाला, ‘अहो, दिवा कोणाच्या हातात होता?’ आणि असा हसला, मागे सोनेरी दात दिसेपर्यंत. सगळे हसले त्याच्या बाजूचे. त्या खाद्यवाल्याला काय कळतंय साहित्यातलं, पोत्यावरचं नाव धड वाचता येत नाही त्याला, पण त्याला कळलं आणि मला नाही कळलं, हे — हे जरा लागलं मला. लागलं म्हणजे काय, लागलंच. आपल्याच घरातलं आपल्याला शेवटी कळावं आणि गावाला आधी, हे मला दुसऱ्यांदा होतंय.

घरी आल्यावर मी विचारलं तिला. शांतपणे विचारलं. म्हटलं, बस इथे, आणि सांग, त्या गोष्टीत दिवा कोणाच्या हातात आहे. म्हटलं, लेखकाने नाही सांगितलं तर तू सांग, पहिला नंबर आहे तुझा. तिने मान खाली घातली. आता मान खाली घातली तर मला चेहरा कसा दिसणार? तर टॉर्च होता हातात, अंडी बघूनच आलेलो मी, सवयीने — सवयीनेच, बाई — तोंडावर धरला. हात नाही उचलला. लिहून घ्या, आजवर पोरीवर हात उचलला नाही मी, बोट लावलं नाही, नुसता उजेड. उजेडाने काय होतं? उजेडाने वळ उठतो का कधी? हनुवटी वर केली आणि धरला, म्हटलं बोल, माझ्याकडे बघून बोल. तिने डोळे मिटले. आणि खरंच, बाई, तिच्या पापण्या तांबूस दिसतात उजेडात, आत बुबुळ हलतं ते दिसतं. मी ते लहानपणापासून बघत आलोय, त्यात काय. आणि मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, ‘तुमच्या.’ एवढंच. ‘तुमच्या हातात, बाबा.’ मग मी बराच वेळ तसाच धरून होतो, कारण मला वाटलं अजून काहीतरी आहे आत, ते बाहेर येईल.

नाही आलं काही. सकाळी चहा ठेवला तिने माझा, आणि गेली.

तुम्ही काय ऐकलंत तिच्याकडून ते मला माहीत आहे. दाराचं सांगितलं असेल. सांगितलं ना? सांगणारच. तर ऐका, खोलीचं दार फुगलं होतं, पावसाळी हवेने, लागत नव्हतं नीट, म्हणून उतरवलं आणि सुताराकडे दिलं. सुतार म्हणजे काय चीज असते तुम्हाला ठाऊक आहे, आज देतो उद्या देतो, वर्ष निघून जातं. आणि दिवा रात्रभर चालू असतो म्हणाली असेल. असतो. अभ्यास करते ना ती, बारावी आहे, आणि कोंबडीचंसुद्धा असंच असतं, बाई — दिवस लहान झाला की अंडी देणं थांबवते ती, मग आम्ही दिवा लावून दिवस मोठा करतो, तिला वाटतं उन्हाळा आहे, देते अंडं. त्यात तिचं काही वाईट होत नाही. माझ्या खाटेवरून तिची खोली समोर दिसते. झोपली की नाही, कूस बदलली की नाही, फोनमध्ये तोंड खुपसलंय की पुस्तकात, सगळं दिसतं. झोपमोड होते म्हणाली एकदा, तर मी म्हटलं डोळ्यांवर ओढणी टाक. टाकायची. मी नाही म्हटलं नाही.

वेडा नाहीये मी. कारण असतं माणसाच्या वागण्याला. हिची आई — तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सांगतो — चार दिवस भावाकडे जाऊन येते म्हणाली आणि गेली ती गेली. म्हणालीसुद्धा नाही, तेही मी लोकांना सांगतो तसं सांगितलं. अंधारात गेली. मी शेजारी झोपलेलो, हातभर अंतरावर, आणि तिने कपाट उघडलं, बॅग भरली, चपला हातात घेतल्या असतील, आणि दिवा लावला नाही. एवढंसुद्धा नाही केलं की दिवा लावावा, ह्याला जाग येऊ दे, चार शिव्या देऊ दे. किती दिवस चाललं असेल तिच्या मनात? वर्ष? दोन वर्षं? मी समोर बसून जेवलोय तिच्या, बाई, रोज, आणि मला काही दिसलं नाही. अंड्यातला जीव मला टॉर्चने दिसतो, पण माझ्या बायकोच्या मनात काय आहे ते ताटाला ताट लावून बसलो तरी दिसलं नाही. तेव्हापासून मी घरात अंधार ठेवत नाही. झालं. एवढंच आहे. ह्याच्यावर लिहा निबंध.

आणि ते दार — त्याचा काय एवढा बाऊ. लाकूड चांगलं आहे म्हणून त्याच्यावर ट्रे मांडतो मी आता, मशीनच्या खोलीत, दोन पिंपांवर आडवं टाकून. — सुतार? कोण सुतार? हां. तो — सुताराने परत पाठवलं. अहो परत पाठवलं म्हणून सांगतोय ना. बाई, तुम्ही विषय बदलू नका, शब्दात पकडायची तुमची सवय वर्गात ठेवा, मी तुमचा विद्यार्थी नाही.

तुमचं स्वतःचं कोणी आहे का घरात? नाही ना. दिसतंच आहे, एक कप, एक खुर्ची बरी आणि एक ही डुगडुगती. म्हणजे रात्री उठून कोणाचा श्वास चालू आहे का ते बघायची वेळ तुमच्यावर आलेली नाही. मी बघितलाय. बारकी म्हणतात तिला का, तर जन्मली तेव्हा मूठभर होती, पिवळीधमक, आणि दवाखान्यात काचेच्या पेटीत घातली, वरून निळा दिवा. आम्हाला हात लावायची परवानगी नाही. मी काचेबाहेर उभा, बायको खाटेवर, आणि मी नुसता बघत उभा. मला घरी जा म्हणायचे, मी जायचो नाही, कारण मला वाटायचं मी बघायचं थांबलो की तीही थांबेल. उजेडानेच जगली ती, बाई. डॉक्टर स्वतः म्हणाला, ह्या दिव्यानेच बरी होणार. तिच्या डोळ्यांवर पट्टी होती, पांढरी, छोटीशी. मी नर्सला विचारलं, पट्टी कशाला? म्हणाली, उजेड अंगाला हवा, डोळ्यांना नको, एवढ्या लहान जिवाचे डोळे जातात. मग तुमच्या लेखकाने हे का नाही लिहिलं? दिवा धरणारा नेहमी दुष्टच असतो का? त्याचा हात भरून येतो हे का नाही लिहिलं? आणि दिवा ज्याच्या हातात असतो तो स्वतः काळोखात असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही, त्याला कोणी विचारत नाही, बाबा रे, तू जेवलास का — हे तिच्या निबंधात कुठे होतं? सगळा उजेड उजळावर, सगळी दया उजळावर. मला त्या पानावर जागाच नाही.

— शेवट? नाही वाचला मी. काय होतं तिचं शेवटी ते वाचायचंही नाही मला. कादंबरीचे शेवट लेखकाच्या सोयीने होतात, त्याला कुठे सकाळी उठून घर चालवायचंय.

बरं, पुरे झालं. तिला हाक मारा. अंधार पडत आलाय, मशीनमध्ये अंड्यांचा एक घाणा उद्या-परवा फुटायला आलाय, मला जाऊन बघायचंय — नाही, बघायचं नसतं खरं तर. शेवटचे दोन-तीन दिवस मशीन उघडायचं नसतं. झाकण उघडलं की आतली वाफ जाते, अंड्यातला पापुद्रा वाळतो आणि पिल्लाच्या अंगाला चिकटतो, मग ते आतल्या आत — चोच मारायची ताकद असते, पण हलता येत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे हे, ह्या धंद्यातल्या. मलाही ठाऊक आहे. पण मला राहवत नाही. मी उघडतो. थोडंसं. बारकी हात धरायची माझा, ‘बाबा, आता नाही, आता त्यांचं त्यांना करू द्या’ — आणि गेल्या खेपेला ती शाळेत होती. जाऊ दे. धंद्यात पडझड होतेच. पण ती असली की हात धरते, म्हणून म्हणतो, ती घरी हवी. घर काय नुसत्या माझ्यावर चालतंय का?

बारके. ऐकतेस ना? चल. बॅग घे. दाराचं बघू आपण, काढतो ट्रे, बसवतो परत. कडी नाही, पण दार बसवतो. दिव्याचंही बघू, अकरापर्यंत ठेवू, मग — मग बघू. बाईंसमोर सांगतोय. निबंधाचं काही नाही, मी रागावलो नाही, रागावलो होतो, आता नाही. ऐकतेस ना? ऐकते ती, बाई, मला ठाऊक आहे, ती ऐकताना असं एक पाऊल दुसऱ्यावर ठेवून उभी राहते. दाराखालच्या पट्टीत सावली दिसतेय बघा पायांची. दाराशीच आहे. येतेय. मी म्हटलं नव्हतं —

वीज गेली का?

नाही, हा दिवा चालू आहे. मग आतला — आतला कोणी घालवला? तिने? नाही, ती कशाला घालवेल, तिला झोप येत नाही अंधारात, कधी झोपलीच नाही ती अंधारात, मी झोपूच दिलं नाही — बारके, दिवा लाव. लाव दिवा. बाई, तिला सांगा दिवा लावायला, घाबरेल ती. बाजूला व्हा. मी काही करत नाहीये, नुसता खालच्या फटीतून टॉर्च — बाजूला व्हा म्हटलं ना. अहो माझ्या मुलीला मी —

ऐकलंत? कडी. आतून लावली. हळूच लावली, आवाज होऊ नये म्हणून, आईसारखी.

टॉर्च बंद करतो. हा, झाला बंद. तुम्ही दारासमोरून हटू नका हवं तर, मी नाही येत पुढे. हे पुस्तक तुमचं, ठेवा. उद्या येईन — नाही येणार उद्या, मशीन सोडून कसा येणार. तिला सांगा — काही नका सांगू. जेवली का तेवढं विचारा. जातो मी. आणि तो बाहेरचा दिवा, पायरीवरचा, तो घालवा आधी. समोरच्या गॅलरीत माणसं बसलीत, येतानाही बघत होती माझ्याकडे. मला नाही आवडत असं कोणी बघितलेलं. — पायरी दिसणार नाही म्हणजे काय, पडलो तर पडेन.

बघताय काय माझ्या तोंडाकडे? घालवा.